दहा वर्षांची हद्दपारी

वंदने, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळेजण धडधडीत खोटं बोलले. त्रिसरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या आणि मग एकेक जण उठून माईकपाशी गेला. वंदनाताई किती शांत. वंदनाताईंनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही. वंदनाताई म्हणजे नुसतं हसू. मी शेवटच्या रांगेत, अंगातला कोटही न काढता, दातावर दात दाबून ऐकत होते. शांत? तू? हॉस्टेलच्या मेसमध्ये वरणात पाणी किती यावरून आचाऱ्याशी पाऊण तास भांडलेली तू? मला उठून सांगायचं होतं की ही बाई भांडखोर होती, हट्टी होती, आणि पंचवीस वर्षांत एकदाही तिनं 'चुकलं माझं' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. उठले नाही. चार वर्षं जिच्याशी अबोला, तिच्या नावानं बोलायला माझ्या हातात माईक कोण देणार?

म्हणून इथे लिहितेय. कौतुक ऐकायला बसली असशील तर ऊठ.

खोब्रागडे काकांचा फोन आला तेव्हा मी प्लांटवर होते. हातात ब्रेकचा एक नापास पार्ट होता, त्याला लाल टॅग लावत होते. "सुरेखाताई, वंदना गेली," काका म्हणाले. "कुठे?" मी विचारलं. खरंच विचारलं गं. मला वाटलं, मैत्री आता रेडमंडला नोकरीला असते, तर लेकीकडे गेली असशील. काकांनी ॲन आर्बरच्या हॉस्पिटलचं नाव घेतलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तीन आठवडे तू हॉस्पिटलमध्ये होतीस म्हणे. माझ्या मिशिगनमधल्या ट्रॉयच्या घरापासून ॲन आर्बर तासाभराच्या ड्राइव्हवर, आणि मला पत्ताच नाही. "तुम्ही रविवारचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला ना, त्यामुळे राहून गेलं," काका ओशाळून म्हणाले. त्या म्हाताऱ्यावर काय चिडायचं. चिडायचं ते तुझ्यावर. माझा नंबर तुला तोंडपाठ होता. या देशातलं माझं पहिलं सिमकार्ड तूच आणून दिलं होतंस, तोच नंबर आहे अजून. तीन आठवड्यांत एकदा बोट लावायला काय झालं होतं तुला?

उपकार मी नाकारत नाही, ते तेवढं लिहून टाकते. चौदा वर्षांपूर्वी मी व्हिसावर इथे उतरले, तेव्हा पहिला कोट तुझा होता, बाह्या चार बोटं लांब. नागपुरात स्कूटीखेरीज काही न चालवलेल्या मला तू मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये बर्फावर गाडी शिकवलीस. गाडी सरकायला लागली की मी किंचाळून ब्रेकवर उभी राहायची आणि तू माझ्याहून मोठ्यानं ओरडायचीस, "अगं, ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत आहेस म्हणून सारखा दाबायलाच पाहिजे का? सोड! पाय सोड!" मागच्या सीटवर आठ वर्षांची मैत्री खिदळत होती. त्या हिवाळ्यात तू नसतीस तर मी परतीचं तिकीट काढलं असतं. झालं. कृतज्ञता संपली.

आता भांडणाकडे येते. ते अर्धं सोडून गेलीस तू, आणि मला अर्ध्यात सोडलेलं काही चालत नाही.

काकांच्या बेसमेंटमधल्या त्या रविवारांबद्दल परवा एक जण म्हणाला, "काय सुंदर वर्ग घ्यायच्या ताई." सुंदर होते, कबूल. बुद्धवंदना झाली की पोहे, चहा, आणि मग तू. तू तिकडे कॉलेजात अमेरिकन पोरांना प्राचीन इतिहास शिकवायचीस, इंग्रजीत, घड्याळ बघत. इथे मात्र मराठीत सुटायचीस. त्या हिवाळ्यात तू ग्रीकांची नगरराज्यं घेतलीस. पहिल्याच रविवारी मैत्रीच्या जुन्या व्हाइटबोर्डवर डोंगर काढलेस, समुद्र काढलास. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला धड वाट नाही, म्हणून प्रत्येक खोऱ्याचं वेगळं राज्य. वेगळा कायदा, वेगळी नाणी, महिन्यांची नावंसुद्धा वेगळी. भाषा तीच, देव तेच, खेळांच्या स्पर्धांना सगळे एकत्र जमणार, आणि स्पर्धा संपल्या की एकमेकांच्या उरावर बसणार.

"म्हणजे मिशिगनची आपली मंडळंच की हो!" काका म्हणाले, आणि आख्खं बेसमेंट हसलं. हसणारच. आदल्या वर्षी आपल्याच लोकांनी बुद्धजयंती दोन हॉलमध्ये केली होती. एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच केटररकडून जेवण मागवून. बिचारा केटरर दोन्हीकडच्या जिलब्यांची अदलाबदल करून बसला, त्यावरून आणखी एक भांडण. तूच म्हणालीस, अथेन्स आणि स्पार्टा यांना जिलबी नव्हती म्हणून ते सत्तावीस वर्षंच लढले.

हे असलं तू बोललीस की मला तुझा अभिमान वाटायचा, आणि लगेच रागही यायचा. कारण अथेन्सचं नाव आलं की तू विरघळायचीस. सभा, मतदान, कुणीही उठून बोलावं, चांभारानं सेनापतीला जाब विचारावा. "बघा, अडीच हजार वर्षांपूर्वी!" असं म्हणताना तुझे डोळे असे काही व्हायचे, जणू तू तिथे जाऊन आली होतीस. आणि मी माझी पोह्यांची बशी खाली ठेवून विचारायची, "त्या सभेत बायका होत्या?" नाही. "चांदीच्या खाणीत कोण उतरायचं?" गुलाम. "आणि बाहेरगावाहून आलेले?" मग तू सुस्कारा सोडून त्यांचं नाव सांगितलंस: मेटिक. कर भरायचा, युद्ध झालं तर शस्त्र घेऊन लढायचं, गावात पिढ्यान् पिढ्या राहायचं, पण मत नाही, जमीन नाही, आणि कोर्टकचेरी करायची तर एक नागरिक हमीला उभा लागतो. "म्हणजे आम्ही एच-वन-बी व्हिसावाले," मी म्हणाले. सगळे हसले. तूही हसलीस. तुला तेव्हाच नागरिक होऊन सहा वर्षं झाली होती. मी ग्रीन कार्डच्या रांगेत होते. अजून आहे.

मी प्रश्न विचारायची तसे वर्गाचे चेहरे पडायचे, हे मला दिसत होतं. "सुरेखाताई, पुढे जाऊ द्या ना यार," असं वर्गातला तो दीपक दर रविवारी म्हणायचा. पण मला दिवसभर पार्ट उलटून बघायची सवय आहे, वंदने. वरून चकाकतो म्हणून मी पास करत नाही. तुला हे माहीत होतं, हॉस्टेलपासून माहीत होतं. तुझे निबंध मीच वाचायची ना आधी? समासात माझ्या खुणा, त्याही तुझ्या भाषेत बिनछपराच्या अक्षरांत. घाईनं टिपणं काढायची म्हणून मी शिरोरेखा सोडली ती कायमचीच, आणि तू जन्मभर मला त्यावरून चिडवलंस.

मग तो जहाजांचा रविवार. लेस्बॉस बेटावरच्या मितिलीन नावाच्या नगरानं अथेन्सविरुद्ध बंड केलं, ते फसलं. अथेन्सच्या सभेनं रागाच्या भरात ठरवलं, तिथले सगळे पुरुष मारा, बायका-मुलं विका. हुकूम घेऊन जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांना आपलीच लाज वाटली. पुन्हा सभा, पुन्हा मतदान, थोडक्या मतांनी निर्णय फिरला. पण पहिलं जहाज तर केव्हाच गेलेलं. म्हणून दुसरं जहाज सोडलं. ते सांगताना तू उभी राहिलीस, हातांनी वल्ही मारून दाखवलीस. वल्हवता वल्हवता ते लोक दारू-तेलात कालवलेलं पीठ खात होते, आळीपाळीनं झोपत होते, हात थांबू देत नव्हते. आणि पहिल्या जहाजावरचे लोक असल्या कामाला जायचं म्हणून रमतगमत चालले होते. दुसरं जहाज पोचलं तेव्हा तिथला अधिकारी हुकूम वाचून अंमलाच्या तयारीत होता. "आपण चुकलो, असं एक आख्खं नगर म्हणालं," तू म्हणालीस.

आणि मी म्हणाले, "पहिलं जहाज पाठवणारेही तेच ना? मग शाबासकी कशाची? आणि बंडाच्या पुढाऱ्यांना तर मारलंच की त्यांनी. वर पुढे काही वर्षांनी मेलोस बेटाला हेच केलं, तेव्हा कुठे गेलं होतं दुसरं जहाज?"

तू माझ्याकडे वळलीस. तुझं नाक लाल झालं होतं. "मत द्यायची वेळच आली नाही कधी, म्हणून सोपं वाटतं तुला," तू म्हणालीस. "तू आमची मेटिक, सुरे. तू बाहेर बसून नावं ठेव."

सगळे हसले. मी आधी स्वतःच स्वतःला मेटिक म्हटलं होतं, मग आता काय दुखलं, असं कुणी विचारेल. तुला विचारायची गरज नाही. त्याच आठवड्यात माझी कंपनी दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली होती आणि माझी कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागणार होती, हे जगात फक्त तुला ठाऊक होतं. गाडीत तुझ्या शेजारी बसून रडले होते मी. आणि तू तेच उचललंस, भरल्या बेसमेंटमध्ये. मी हसल्यासारखं केलं. पोहे संपवले. घरी आले आणि दिवसभर त्या एका वाक्याशी भांडत बसले.

पुढच्या रविवारी तू दोन मातीच्या कुंड्या घेऊन आलीस. अथेन्समध्ये फुटक्या भांड्याच्या खापरावर नाव लिहून माणसाला हद्दपार करायचे, ते करून बघायचं होतं तुला. काकांच्या गॅरेजमध्ये तू हातोड्यानं कुंड्या फोडल्यास, आणि डोळ्यांत कपचा जाऊ नये म्हणून लावलेला गॉगल माझ्याच प्लांटचा, मीच आणलेला. राग होता तरी गॉगल आणलाच होता मी, लक्षात घे. मग तू नियम सांगितलेस. आरोप नाही, साक्ष नाही, बचावाचं भाषण नाही. ज्याचं नाव जास्त खापरांवर, त्यानं दहा दिवसांत गाव सोडायचं, दहा वर्षांसाठी. घरदार शाबूत, अब्रू शाबूत. दहा वर्षांनी परत यायचं, जणू काही झालंच नाही. "आणि नाव लिहितात ते मोठ्या माणसाचं," तू म्हणालीस. "ऐऱ्यागैऱ्याला कोण हाकलतं?"

आपण अकरा जण होतो. मैत्री वेगळी, ती फळ्यापाशी रेघा मारायला. मार्कर फिरला. मी 'वंदना' लिहिलं. हो, लिहिलं. ठळक अक्षरात लिहिलं आणि डब्यात टाकलं.

तू एकेक काढून वाचत गेलीस. कुणी बर्फ लिहिलं होतं, कुणी सोसायटीची कमिटी, काकांनी सुनेचा कुत्रा. हसून हसून लोकांची पुरेवाट. एक 'वंदना' निघालं, तिथे तू जरा थांबलीस, मग वाचलंस. बाकीची सगळी 'सुरेखा'. सहा. एकामागून एक, सुरेखा, सुरेखा, सुरेखा, आणि प्रत्येक वेळी बेसमेंटमध्ये हशा वाढत गेला. "चला सुरेखाताई, कोट घ्या!" काका म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. मी कोट घेतला. सगळ्यांना वाटलं, नाटक चाललंय. गॅरेजच्या दाराशी तू उभी होतीस, गॉगल कपाळावर चढवलेला, आणि म्हणालीस, "दहा दिवस आहेत तुझ्याकडे."

एवढंच. तू माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य.

मी दहा दिवस वाट पाहिली. नियमानं. लंच ब्रेकमध्ये, पार्किंगमध्ये, ग्रोसरीच्या रांगेत फोन बघत राहिले. सहापैकी एक खापर तुझंच, याबद्दल मला तीळमात्र शंका नव्हती. बाकीच्या पाच जणांचं मला काही नव्हतं. त्यांना मी नकोशी होते, ते साहजिक होतं. पण तू लिहिलंस? अकराव्या दिवशी मी ग्रुप सोडला. पुढे रविवारी सकाळी मी मुद्दाम कपडे धुवायला काढायची, पोहे करणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायची, ड्राइव्ह फार पडतो, वेळ होत नाही. काकांचं घर माझ्यापासून चार मिनिटांवर आहे.

चार वर्षं, वंदने. दर रविवारी लोकांना दुसऱ्या जहाजाच्या गोष्टी सांगणारी तू, तुझ्याच्यानं एक मेसेज झाला नाही. 'कशी आहेस' एवढे दोन शब्द. कसला इतिहास शिकवलास गं लोकांना? डोंबल!

हे सगळं तोंडावर बोलायचं होतं मला. ते राहिलं म्हणून मी चिडले होते, आणि काल मैत्री घरी आली तोवर चिडलेलीच होते. "मावशी, कॅन आय कम ओव्हर? माझी फ्लाइट उद्या आहे," असा तिचा मेसेज. दारात उभी राहिली तर क्षणभर तूच. तेच खांदे, तसंच बूट न सोडता उपटून काढणं. चहा केला. तिनं पर्समधून एक झिपलॉकची पिशवी काढून टेबलावर ठेवली.

"धिस इज युअर्स, आय थिंक."

आत खापर. वर काळ्या मार्करनं 'वंदना', बिनछपराचं.

"कुठे मिळालं तुला हे?"

"किचनच्या खिडकीत होतं. सिंकच्या वर. लाइक, ऑल फोर इयर्स."

मी खापर बाहेर काढून उलटंपालटं करून पाहिलं. पण चार वर्षं जे विचारायचं होतं तेच विचारलं. "आणि तिनं कुणाचं लिहिलं होतं गं? माझंच ना?"

मैत्रीनं कप खाली ठेवला. "मम्मीनं? शी डिडन्ट व्होट. टीचर व्होट नाही करत, असं म्हणाली होती ती. मीच तर टॅली केली ना, मावशी. टेन पीसेस होते."

सहा सुरेखा. बर्फ, कमिटी, कुत्रा, वंदना. दहा. माणसं अकरा. मी, वंदने, मी! दिवसाला हजार पार्ट मोजून देणारी बाई, एका बोल्टची चूक पकडणारी, दहा खापरं मला मोजता आली नाहीत. राग डोळ्यांवर होता ना. दहा खापरं मी न मोजता नापास केली.

"तिला कळलं होतं, हे माझं आहे?" मी विचारलं.

"ऑफकोर्स. तुझ्या लेटर्सना रूफ नसतं ना." मैत्री हसली आणि हसता हसता रडायला लागली. "लोक विचारायचे, व्हॉट इज धिस? तर ती म्हणायची, बाकी सगळे खेळत होते, मत फक्त सुरेनं दिलं."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना तुझ्या घरचा वास होता. ती गेल्यावर मी ते खापर हातात घेऊन बसले, आणि खरं सांगते, आधी होता त्याच्या दुप्पट राग आला मला. तुला माहीत होतं! तू लिहिलं नव्हतंस, मी लिहिलं होतं, आणि हे दोन्ही तुला चार वर्षं माहीत होतं. भांडी घासताना रोज बघत होतीस. मग फोन करून दोन शिव्या का नाही हासडल्यास मला? मेसमधल्या आचाऱ्याशी पाऊण तास भांडणारी तू, माझ्याशी भांडायला तुला पाच मिनिटं मिळाली नाहीत? की तूही दहा दिवस माझीच वाट बघत होतीस, आणि मग तुझंही नाक आडवं आलं?

असेलही. मी तरी कुठे दुसरं जहाज सोडलं.

तू म्हणाली होतीस, मत द्यायची वेळच आली नाही माझ्यावर. चौदा वर्षं झाली मला या देशात. टॅक्स भरते, बर्फ उपसते, रांगेत उभी आहे. आजवर एकच मत दिलंय मी इथे, ते तुझ्याविरुद्ध. आणि ते सांभाळून ठेवणारी तू एकटी निघालीस. यावर मी काय बोलायचं, सांग ना. ऊर फुटेस्तोवर रडले, बस. आता झालं समाधान?

तरी माझं भांडण मिटलेलं नाही. हद्दपार मला केलं होतं, तुला नाही. चार वर्षं झाली होती, सहा उरली होती, आणि मी मोजत होते. दहा पुरी झाली की पहिल्याच रविवारी तुझ्या दारात येऊन उभी राहणार होते, जणू काही झालंच नाही, नियमाप्रमाणे. तू कोणत्या नियमानं गाव सोडलंस, वंदने? तुझ्या नावाचं तर एकच खापर होतं.